ठाणे-नवी मुंबईत ट्रेल ओरिएंटिअरिंग: नवख्यांनी सुरुवात कुठून करायची?

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या फेब्रुवारीत आम्ही काही जणांनी नवी मुंबईतल्या एका बागेत ट्रेल ओरिएंटिअरिंगचा छोटा प्रयोग केला. अकरा जण आले होते. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे काका बहात्तरचे. तेव्हापासून "पुढचं कधी?" आणि "असं आणखी कुठे असतं का?" हे दोन प्रश्न सारखे येतायत. पाऊस संपला की पुन्हा करायचं मनात आहे, म्हणून हा धागा.

आधी हे काय ते सांगते. नाव ऐकून लोकांना वाटतं, डोंगरात धावायचंय. नेहमीच्या ओरिएंटिअरिंगमध्ये नकाशा आणि होकायंत्र घेऊन खरंच रानात धावतात. इथे मात्र वाट सोडायचीच नसते. वाटेवर एक खूण असते, तिथे उभं राहायचं. समोर, वाटेपासून थोड्या अंतरावर, तीन-चार केशरी-पांढऱ्या झेंड्या दिसतात. हातातल्या नकाशावर एक जांभळं वर्तुळ असतं आणि सोबत छोटं वर्णन, म्हणजे "खडक, वायव्य बाजू" असं काहीतरी. वर्तुळाच्या बरोबर मध्यावरच्या जागेवर यातली कोणती झेंडी आहे, एवढंच ओळखायचं. डावीकडून ए, बी, सी, डी. कार्डावर खूण करायची आणि पुढे जायचं. सगळा कोर्स संपवायला एकूण वेळ ठरलेला असतो, पण त्याच्या आत कोण आधी पोचलं याला काडीची किंमत नाही. म्हणून व्हीलचेअरवरचा माणूस, गुडघा बदललेली मावशी आणि मॅरेथॉन पळणारा मुलगा एकाच वाटेवर, एकाच नियमाने खेळतात.

माझा धाकटा भाऊ अपघाताआधी दर शनिवारी सह्याद्रीत असायचा. नंतरची चार वर्षं कुठेही गेलो तरी त्याला एकच वाक्य ऐकायला मिळायचं, "तू इथे बस, आम्ही जाऊन येतो." त्या दिवशी बागेत तो कुणासाठीही थांबला नाही आणि त्याच्यासाठीही कुणी थांबलं नाही. मला हे पुन्हा पुन्हा करायचंय.

जागा, परवानगी, नकाशा, अनुभव, जे असेल ते लिहा.

येऊरचा_पाऊस

मस्त धागा. येऊरला का नाही करत? उपवनपासून वर गेलं की सावली आहे, उतार आहेत, खडक आहेत. नकाशाला मजा येईल.

खाडीकाठची

@येऊरचा_पाऊस, मनात माझ्याही पहिलं येऊरच आलं होतं. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे झेंड्या लावणं बरोबर नाही, आणि झेंड्या लावायला पहाटे अंधारात, वाट सोडून आत जावं लागतं. बिबट्याच्या रानात मी कुणालाही त्या वेळी पाठवणार नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचंही सुचवलंय एकाने. तिथे पावसाळ्यात प्रवेशबंदी असते आणि वाट चाकांची नाही. नवख्यांसाठी बागच बरी: कुंपण आहे, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि घरचे लोक निर्धास्त असतात.

तुकडीनायक

मी शाळेत अनेक वर्षं एनसीसी बघितलं. नकाशावाचन आमच्या अभ्यासक्रमात होतंच. पुढची खूण, मागची खूण, होकायंत्राने दिशा घेणं, हे सगळं मुलं पाठ करत, परीक्षा देत आणि विसरत. कारण ते वापरायला जागाच नव्हती. या खेळात ती जागा आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. ओरिएंटिअरिंग मूळचं स्कँडिनेव्हियातलं, तिथल्या सैन्याच्या नकाशावाचनातून आलेलं. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला. आज त्यात चार प्रकार आहेत: पायी, सायकलवर, स्कीवर आणि हा ट्रेलचा. ट्रेलची पहिली जागतिक स्पर्धा २००४ मध्ये स्वीडनमधल्या वेस्टेरोसला झाली, आणि पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, ती जपानच्या आइचीत आली. म्हणजे आशियाला हा खेळ नवा नाही. अपंगांसाठी वेगळा गट असतो, पण खुल्या गटात कुणीही उतरू शकतं आणि अपंग खेळाडूही उतरतात. शारीरिक मदत घेता येते, म्हणजे खुर्ची ढकलणारा सोबत चालतो. उत्तराबाबत मात्र त्याने चकार शब्द काढायचा नाही.

डाव्या_हाताची

काका, छान माहिती. मला अजून चित्र डोळ्यांसमोर येत नाहीये. झेंडी दिसतेय, नकाशा दिसतोय, मग ओळखायचं कसं? एखादं उदाहरण द्याल का कुणी?

खाडीकाठची

देते. आमचा फेब्रुवारीतला चौथा कंट्रोल, म्हणजे झेंडी ओळखायचं चौथं ठिकाण. समोर साधारण तीस मीटरवर एक बुटका दगडी बांध, मध्येच वळलेला. तीन झेंड्या: ए वळणावर, बी बांधाच्या टोकाला, सी टोकाच्या पुढे तीन-चार पावलांवर एका धोंड्याजवळ. वर्णन होतं "बांधाचं टोक". वाचून वाटेल सोपंय, बीच. पण उभ्या जागेवरून तो धोंडा बांधाचाच भाग वाटत होता, त्यामुळे खरं टोक बी की सी हे कळेना. निम्म्या लोकांनी सी लिहिलं.

गुडघा बदललेल्या मावशी वाटेवर दहा पावलं मागे गेल्या. वाटेवर पुढे-मागे करायची मुभा असते. तिथून पंपघराचा कोपरा आणि दिव्याचा खांब एका रेषेत आले, आणि त्याच रेषेत बी झेंडी बसली. मावशींनी नकाशावर पंपघराच्या कोपऱ्यापासून खांबापर्यंत बोटाच्या नखाने रेघ ओढून पुढे नेली. रेघ वर्तुळाच्या बरोबर मध्यातून गेली. मग त्या परत खुणेपाशी आल्या, बीवर खूण केली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. पूर्ण काम दीड मिनिटाचं. ही रेषा जुळवायची युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

डाव्या_हाताची

आता कळलं! म्हणजे पायांपेक्षा डोळ्यांचं काम. आईला घेऊन येते.

नकाशेवाला

नकाशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळा खेळ त्यावर उभा आहे आणि नवे आयोजक इथेच फसतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा उत्तम असतो, पण त्यात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. आपली अख्खी बाग नखाएवढी होते. ट्रेलला लागतो १:४००० किंवा १:५०००, आणि त्यात एकेक धोंडा, एकेक ठळक झाड, कठडा, पायरी असावी लागते. असा तयार नकाशा आपल्याकडच्या बागांचा मिळत नाही, काढावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅप आणि उपग्रहचित्र खाली पाया म्हणून घ्या, वर ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेखाटा. कोर्स आखायला पर्पल पेन, तेही फुकट. पैसे लागत नाहीत, सकाळी लागतात. दोन-तीन हेक्टरच्या बागेला मला चार रविवार लागले.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. झाडांखाली तो सहज पाच मीटर चुकतो, आणि १:४००० वर पाच मीटर म्हणजे सव्वा मिलिमीटर. दोन झेंड्यांमधलं अंतरच कधी कधी तेवढं असतं. टेप आणि होकायंत्र घ्या, एका पक्क्या खांबापासून मोजत जा.

रंगांची एक गोष्ट नवख्यांना पहिल्याच मिनिटाला सांगा: या नकाशात पांढरा रंग म्हणजे मोकळी जागा नव्हे, तर सहज चालता येईल असं झाडांचं रान. मोकळी जमीन पिवळी. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. आपल्या डोळ्याला हिरवं म्हणजे झाडं आणि पांढरं म्हणजे मैदान अशी सवय असते, त्यामुळे माझ्या पहिल्या गटातले सगळेच उलटे फिरले होते.

झेरॉक्सच्या_गल्लीतून

माझं छपाईचं दुकान आहे, म्हणून एकच सांगते. पीडीएफ छापताना "फिट टू पेज" बंद आहे ना, हे दुकानदाराच्या खांद्याशी उभं राहून बघा. ते चालू राहिलं की नकाशा दोन-चार टक्क्यांनी आकसतो, डोळ्याला कळतही नाही, आणि सगळी मापं बिघडतात. नकाशावर शंभर मीटरची पट्टी छापा. १:४००० असेल तर ती कागदावर पंचवीस मिलिमीटर भरली पाहिजे. पट्टी लावून मोजा, मगच पुढच्या प्रती काढा. आणि लेझरवर छापा. इंकजेटची शाई घामाच्या हाताने पसरते.

नकाशेवाला

@झेरॉक्सच्या_गल्लीतून, हे सोन्यासारखं आहे. मी एकदा अख्खे चाळीस नकाशे असे टाकून दिलेत.

चारचाकी_भटक्या

मी धागाकर्तीचा भाऊ. ताईने माझ्याबद्दल लिहिलंच आहे, आता मी खुर्चीबद्दल लिहितो.

आम्ही पहिल्यांदा पाहायला गेलो ती बाग कागदावर एकदम योग्य होती. सपाट वाट, रुंद, सावली. पण गेटवर दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले. माझी खुर्ची ६४ सेंटिमीटर रुंद, खांबांमधली फट ५८. मी बाहेर, बाग आत. मागच्या बाजूला कचऱ्याच्या गाडीचं मोठं गेट होतं, पण किल्ली कुणाकडे हे अर्धा तास कुणाला सांगता येईना. शेवटी एक माळीदादा सायकलवर जाऊन किल्ली घेऊन आले. आम्ही ती बाग सोडली, पण त्यांचे आभार इथे मानतो.

तेव्हा बागेची पाहणी मोजपट्टीने करा. गेट, वाटेवरचे चेंबर, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पुलावरची पायरी. एक पायरी म्हणजे माझ्यासाठी वाट संपली.

आणि दुसरी गोष्ट, जी उभ्या माणसाच्या लक्षातच येत नाही: प्रत्येक खुणेपाशी एकदा बसून बघा. बसल्यावर माझे डोळे साधारण ११५ सेंटिमीटरवर येतात. आमच्या दुसऱ्या कंट्रोलला उभ्या माणसाला तीन झेंड्या दिसत होत्या आणि मला दोन, तिसरी मेंदीच्या कुंपणामागे. नऊ वर्षांच्या मुलीलाही दोनच दिसल्या. ताईने लगेच झेंडी उचलून बांधली. तेव्हापासून ती स्टूल घेऊन फिरते. कोर्स आखणाऱ्याने स्टूल घेतलं नसेल तर मला त्या कोर्सवर विश्वास बसत नाही.

तुकडीनायक

हे वाचून मनापासून वाटलं की आम्ही इतकी वर्षं शिबिरं घेतली, त्यात कुणी एकदाही बसून बघितलं नाही.

टाकळ्याची_भाजी

पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे दोन बागा असतात, मेमधली आणि ऑगस्टमधली. मेमध्ये तुम्ही जो धोंडा नकाशावर काढाल, त्याच्याभोवती जुलैअखेरीस टाकळा आणि गवत कमरेएवढं वाढतं. धोंडा गायब. पिवळं दाखवलेलं मैदान प्रत्यक्षात हिरवं होतं. युरोपातल्या लोकांचा नकाशा काही वर्षं चालत असेल, आपला पाऊस पडेपर्यंत चालतो. त्यामुळे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा आणि नकाशा दसऱ्यानंतर पुन्हा तपासा. गवत सुकतं, माळी कापणी करतात, पुन्हा तिसरंच रूप येतं.

खाडीकाठची

@टाकळ्याची_भाजी, अगदी हेच आमच्या बाबतीत घडलं. सहावा कंट्रोल होता "झुडूप, पूर्व बाजू". नकाशा आम्ही नोव्हेंबरात काढलेला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बागेत छाटणी झाली आणि दोन झुडपांपैकी एक मुळापासून गेलं. सकाळी झेंड्या बांधताना घाईत माझ्या ध्यानात आलं नाही. उरलेल्या झुडपाला झेंडी होती, गेलेल्याच्या जागी दुसरी झेंडी नुसती काठीवर उभी होती. लोक गोंधळले. एक काका वीस मिनिटं तिथे उभे होते. मी तो कंट्रोल रद्द केला, सगळ्यांच्या गुणांतून काढला आणि सगळ्यांची माफी मागितली. चूक माझी होती. तपासणी आदल्या संध्याकाळी नको, त्याच सकाळी हवी, आणि ज्याने कोर्स आखला नाही अशा माणसाने करायला हवी. आखणाऱ्याला उत्तर माहीत असतं, त्यामुळे त्याला चूक दिसत नाही. आता मी झुडपं वापरतच नाही. बांध, खडक, पायऱ्या, खांब, पुलाचं टोक, एवढंच.

वर्तुळाच्या_मध्ये

झेडबद्दल बोलू का? मोठ्या स्पर्धांत "यातली एकही झेंडी बरोबर नाही" असं उत्तरही असू शकतं, त्याला झेड म्हणतात. मी परदेशात नोकरीला असताना दोनदा खेळलोय. मला तोच भाग सर्वांत आवडतो. नवख्यांनाही द्या की, नाहीतर लोक नुसते अंदाज मारतात.

नकाशेवाला

माझं मत विरुद्ध आहे. झेड बरोबर ठेवायला नकाशा एक-दोन मीटरपर्यंत अचूक लागतो. आपण चार रविवारांत काढलेल्या नकाशावर "ही झेंडी तीन मीटर चुकीची आहे, म्हणून झेड" म्हणणं अन्यायाचं आहे. चूक झेंडीची की नकाशाची, हे खेळणाऱ्याने कसं ठरवायचं?

वर्तुळाच्या_मध्ये

मुद्दा आहे. पण मग अनुभवी लोकांना कंटाळा येईल.

खाडीकाठची

@वर्तुळाच्या_मध्ये, अनुभवी लोक सध्या तुम्ही एकटेच आहात :) तुमच्यासाठी वेगळं कार्ड करू, त्याच झेंड्यांवर वेगळी वर्तुळं. तेवढे दोन-तीन कंट्रोल नकाशेवाले टेपने पुन्हा मोजतील. नवख्यांच्या कोर्सला झेड नाही, झेंड्या तीनच, आणि झेंड्यांमध्ये स्पष्ट अंतर. पहिल्या दिवशी माणसाला आपला निर्णय आणि नकाशा जुळल्याचा आनंद मिळाला पाहिजे. सगळं संपल्यावर त्याच वाटेवरून सगळ्यांना घेऊन परत फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर का तेच, हे दाखवायचं. आमच्याकडे खरी शिकवणी त्याच फेरीत झाली.

रंग_फिके

मला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. जांभळं वर्तुळ गडद हिरव्यावर आलं की मला दिसतच नाही. कृपया वर्तुळाची रेघ जरा जाड ठेवाल का? आणि वर्तुळ दाट झाडीवर नको.

नकाशेवाला

@रंग_फिके, नक्की. पर्पल पेनमध्ये रेघेची जाडी बदलता येते. नमुना छापून आधी तुम्हालाच दाखवतो.

दोन_मुलांची_आई_कळवा

मुलांसाठी काय? माझा आठ वर्षांचा एका जागी दोन मिनिटं उभा राहत नाही.

वर्तुळाच्या_मध्ये

त्याच्यासाठी वेळेचा कंट्रोल ठेवा. खुर्चीवर बसवायचं, समोरच्या झेंड्या दाखवायच्या, मग नकाशा हातात आणि घड्याळ सुरू. उत्तर बोटाने दाखवायचं. या प्रकाराला टेम्प-ओ म्हणतात, त्याची २०१३ पासून जागतिक स्पर्धाही होते. चुकलं की तीस सेकंद वाढतात, म्हणून नुसता अंदाज मारून भागत नाही. मी पाहिलंय, मुलं तिथून हलत नाहीत.

दोन_मुलांची_आई_कळवा

येतोय आम्ही.

हार्बरवाली

मला आयोजन नको, नुसतं खेळायचंय. तयार कार्यक्रम कुठे शोधायचे?

तुकडीनायक

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संकेतस्थळावर स्पर्धांचं वेळापत्रक असतं, पण तिथे बहुतेक युरोप आणि पूर्व आशिया. मे महिन्यात जागतिक ओरिएंटिअरिंग दिवस असतो, २०१६ पासून, त्यात शाळा आणि छोटे गटही आपला कार्यक्रम नोंदवतात. आपल्याकडे मे म्हणजे सकाळी सातलाच घाम, पण तलावाकाठी तासाभराचं जमण्यासारखं आहे. तोपर्यंत सरावासाठी परदेशातल्या आयोजकांचे जुने नकाशे पाहावेत. स्पर्धेनंतर ते नकाशे आणि उत्तरं प्रसिद्ध करतात. मी नातवासोबत रोज एक सोडवतो.

खाडीकाठची

होकायंत्र घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. उत्तर युरोपासाठी बनवलेलं होकायंत्र आपल्याकडे आणलं की सुई एका बाजूला झुकते आणि तळाला घासते, त्यामुळे घेताना ते आपल्या भागासाठी आहे का ते विचारा. आणि लोखंडी कठड्याला टेकून, मोबाइल त्याच हातात धरून दिशा घेऊ नका, सुई फसते. पहिल्या दिवशी होकायंत्र नसलं तरी चालेल, आमच्याकडे सहा आहेत.

आता ठरवूया. माझ्या डोळ्यांसमोर तीन जागा आहेत: नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेतला तलावाभोवतीचा ट्रॅक, खारघरचं सेंट्रल पार्क, आणि ठाण्याचं कोलशेतचं सेंट्रल पार्क. तलावाकाठ सपाट आहे, म्हणजे चाकांना सोपा, पण चढउतार नसल्याने वर्तुळं फक्त वस्तूंवर ठेवावी लागतील. खारघरला जमिनीला आकार आहे, वाटांची मापं घ्यायला हवीत. कोलशेत मी अजून नीट फिरले नाही, ठाणेकरांनी सांगावं.

येऊरचा_पाऊस

कोलशेत मी बघतो. येत्या शनिवारी टेप आणि स्टूल दोन्ही घेऊन जातो.

टाकळ्याची_भाजी

झेंड्या मी शिवते. तीस बाय तीस सेंटिमीटर, तिन्ही बाजूंना, कर्णावर अर्धी पांढरी अर्धी केशरी, बरोबर ना? छत्रीचं कापड आणते, भिजलं तरी चालतं. किती हव्यात?

खाडीकाठची

@टाकळ्याची_भाजी, आठ कंट्रोल गुणिले तीन, चोवीस. दोन जास्त शिवा. गेल्या वेळी सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी एक झेंडी पडलेली समजून उचलली आणि काळजीने बाकावर घडी घालून ठेवली होती. या वेळी प्रत्येक झेंडीला "खेळ सुरू आहे, कृपया हलवू नका" अशी मराठीत चिठ्ठी लावू, आणि आदल्या दिवशी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगून येऊ. त्यातले दोघं-तिघं खेळायलाच येतील.

उद्यान विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा उद्या इथे टाकते. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, "झाडांना खिळे मारणार नाही, जमिनीत खड्डा करणार नाही, दुपारी बारापर्यंत सगळं काढून नेऊ", आणि नकाशाची एक प्रत. नकाशा जोडला की समोरच्याला पटकन कळतं आपण काय करणार आहोत.

चारचाकी_भटक्या

ताई, अर्जात एक ओळ वाढव: मोठ्या गेटची किल्ली सकाळी साडेसहाला कुणाकडे असेल, त्यांचं नाव आणि नंबर. आणि खारघरच्या पाहणीला मला घेऊन जा. वाट मी सांगतो.